दोनपर्यंत पोहोचताना : विकिरित प्रकाशाच्या फोटॉन-सांख्यिकीच्या प्रकल्प नोंदी

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाच्या दोन विद्यार्थिनींनी ‘अवमंदित बोसॉन प्रणालीतून होणाऱ्या प्रकाश-विकिरणाची क्वांटम सांख्यिकी’ हा विषय प्रकल्पासाठी निवडला. विकिरण म्हणजे कणांवर किंवा खडबडीत पृष्ठभागावर आदळून प्रकाशाचे विखुरणे (स्कॅटरिंग), अवमंदन म्हणजे ऊर्जा हळूहळू गमावणे, आणि प्रकाशाचा कण फोटॉन हा बोसॉन जातीचा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार हे ठरल्यापासून आमच्याकडच्या मुलामुलींना प्रकाशातल्या नॉइजबद्दल खरीखुरी उत्सुकता आहे, आणि ती नुसती पाठांतरावर भागवू नये, अशी माझी भावना होती. म्हणून गणिताबरोबर मोजणीही करायची असे ठरले. आमच्यासारखीच साधने असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयात कोणी हे काम हाती घेतले, तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा, एवढ्यासाठी या नोंदी आहेत.

१८ जानेवारी २०२४

सिद्धांत एका परिच्छेदात आटोपतो. उष्णतेच्या साठ्याशी जोडलेला, ऊर्जा गमावणारा आणि परत मिळवणारा एकच बोसॉन-दोलक घेतला, की स्थिर अवस्थेत त्याच्या तीव्रतेचा सहसंबंध शून्य विलंबाला २ असतो आणि विलंब वाढवत नेला की तो अवमंदनाच्या दराने घातांकी पद्धतीने १ वर उतरतो. तीव्रता एका क्षणी आणि काही विलंबानंतर कितपत एकत्र वरखाली होते, हे सांगणाऱ्या या सहसंबंधाला आम्ही प्रयोगशाळेत ‘जी-टू’ म्हणतो आणि पुढेही तेच नाव वापरले आहे. लेझरच्या प्रकाशासाठी जी-टू सर्व विलंबांना १ असतो. १९५६ साली हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी उष्ण स्रोताच्या प्रकाशात हा जास्तीचा सहसंबंध मोजून दाखवला, आणि १९६३ मध्ये ग्लाउबर व सुदर्शन यांनी त्याला क्वांटम भाषा दिली.

आमच्याकडे २ मिलिवॉटचा हेलियम-निऑन लेझर आहे, त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. योजना दोन टप्प्यांची आहे. आधी फिरत्या घासलेल्या काचेवरून लेझर विकिरित करून कृत्रिम ‘उष्ण’ प्रकाश तयार करायचा आणि साध्या फोटोडायोडने जी-टू मोजायचा. ते जमल्यावर पाण्यात विरळ केलेल्या दुधातील कणांवरून विकिरण घ्यायचे. काचेच्या बाबतीत सहसंबंध कसा उतरतो हे लेझरच्या डागाच्या आकारावर ठरते. दुधातील कण मात्र पाण्याच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे पसरतात (याला विसरण म्हणतात), त्यामुळे तिथे उतार घातांकी येतो आणि त्याचे गणित अवमंदित बोसॉनाच्या गणिताशी अक्षरशः जुळते. खरा रस दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिला टप्पा हात बसण्यासाठी आहे.

२ फेब्रुवारी

काच दुकानातून १०० मिलिमीटर व्यासाची, मध्ये भोक पाडलेली चकती कापून घेतली आणि कार्बोरंडम भुकटी व पाणी घालून दुसऱ्या काचेवर घासली. फोटोडायोड बीपीडब्ल्यू-३४ आहे. तिच्यावर १० मेगाओहमचा रोध लावला आणि संकेत थेट लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात दिला. आलेख देखणे येत होते, पण त्यातून जी-टू काढताच आकडे निरर्थक निघाले.

दोन कारणे सापडली, आणि दोन्ही मुळातली आहेत. साउंड कार्डच्या तोंडाशी कपॅसिटर असतो. तो संकेतातला स्थिर भाग अडवतो. जी-टू म्हणजे तीव्रतेच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग. सरासरीच अडवली गेली तर भागायचे कशाने? आंतरजालावर साउंड कार्ड वापरा असा सल्ला सर्रास दिसतो. उताराचा कालावधी काढायला तो चालेल, पण शून्य विलंबाचे मूल्य त्यातून कधीच मिळणार नाही. दुसरे कारण फोटोडायोडच्या धारकतेचे. ती शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरडच्या आसपास असते. १० मेगाओहमबरोबर तिचा कालांक (प्रतिसादाला लागणारा वेळ) ०.७ मिलिसेकंद होतो. आमचा डाग १ मिलिमीटरचा, काचेचा तिथला वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर, म्हणजे प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदात बदलतो. शोधक प्रकाशापेक्षा संथ होता, त्यामुळे चढउतार पुसले जात होते.

रोधाच्या जागी टीएल-०७१ ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप) लावून तोच १० मेगाओहम प्रतिपोषणात घेतला. आता कालांक दहा-वीस मायक्रोसेकंदांवर आला. पुढे पन्नास पट वाढवणारी दुसरी पायरी जोडली. वीज दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून घेतली, म्हणजे ५० हर्ट्झची घरघर गेली. नोंदणीसाठी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राने विकसित केलेले एक्सपआइज हे उपकरण वापरले. ते विभागात होतेच, आणि ते स्थिर भागासह मोजते. ट्यूबलाइटचा १०० हर्ट्झचा लुकलुकाट दिवे बंद केल्यावरच गेला, म्हणून पुढची सर्व मोजणी अंधारात केली.

९ फेब्रुवारी

आता सरासरी शाबूत आहे, तरी जी-टू जेमतेम १.०१ येतो. लेझर थेट फोटोडायोडवर टाकला तर जे मिळते, त्यात आणि यात फरक सांगता येत नव्हता.

समोरच्या भिंतीवर कागद लावून काच थांबवली, तेव्हा उत्तर डोळ्यांना दिसले. विकिरित प्रकाश एकसंध नसतो. भिंतीवर टिकल्या उधळाव्यात तसे उजळ आणि काळे ठिपके पसरलेले असतात. अशा एका ठिपक्याला स्पेकल म्हणतात आणि त्याचा आकार साधारणपणे तरंगलांबी गुणिले अंतर भागिले डागाचा व्यास एवढा असतो. आमच्या मांडणीत अंतर ३०० मिलिमीटर आणि डाग १ मिलिमीटरचा, म्हणून स्पेकल ०.१९ मिलिमीटरचा. फोटोडायोडचे तोंड मात्र २.६५ मिलिमीटर बाजूचे. म्हणजे एका वेळी दोनशेच्या आसपास स्पेकल आत येतात, एक उजळतो तेव्हा दुसरा विझतो, आणि बेरीज स्थिर राहते. स्वतंत्र स्पेकलची संख्या ‘म’ असेल तर जी-टू हा १ अधिक ‘म’चा व्यस्त एवढाच येतो. दोनशेंसाठी तो १.००५, उरलेला अंश इलेक्ट्रॉनिक नॉइजचा होता.

उपाय दोन्ही बाजूंनी केला. फोटोडायोडपुढे ०.२ मिलिमीटरचे पिनहोल लावले आणि काचेआधी भिंग ठेवून डाग ०.२५ मिलिमीटरचा केला, त्यामुळे स्पेकल ०.७६ मिलिमीटरचा झाला. जी-टू लगेच दीडच्या वर गेला. डाग लहान झाल्याने प्रकाश चौपट वेगाने बदलू लागला, म्हणून काचही चौपट संथ करावी लागली. पिनहोल विकत आणायची गरज नाही. जाड ॲल्युमिनियमच्या फॉइलला शिवणाच्या सुईचे टोक काचेवर टेकवून अलगद फिरवले आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली व्यास मोजला, की काम होते. कडा फाटलेली भोके टाकून द्यावीत.

२० फेब्रुवारी

काच फिरवायला टेबलपंख्याची मोटर लावली होती. आसपासच्या शेतांतले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि काचेचा वेग बदलतो. एका नोंदीच्या पोटात उताराचा कालावधी दोन वेगवेगळी मूल्ये दाखवू लागला. मोटरचे कंपनही पिनहोलपर्यंत पोहोचत होते. जुन्या प्रिंटरमधली १२ व्होल्टची मोटर काढून ती बॅटरीवर चालवली आणि तिचा पाया वाळू भरलेल्या पेटीत बसवला, तेव्हा हा प्रश्न मिटला.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मोजणी पाच मिनिटे केली काय आणि अर्धा तास केली काय, जी-टू त्याच मूल्याला चिकटून राहतो. डाग काचेच्या दुसऱ्या वर्तुळावर सरकवला की मूल्य एकदम बदलते. कारण असे की काच एक फेरी पूर्ण करते तेव्हा तोच पृष्ठभाग पुन्हा डागाखाली येतो. लांब विलंबाच्या आलेखात फेरीच्या कालावधीला, म्हणजे ०.४ सेकंदाला, शिखर परत उभे राहिलेले दिसले. ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ १८८ मिलिमीटर, डाग ०.२५ मिलिमीटरचा, म्हणजे स्वतंत्र नमुने साडेसातशेच. अशा प्रकाशासाठी जी-टूमधील सांख्यिकीय त्रुटी ही २ भागिले नमुन्यांच्या संख्येचे वर्गमूळ एवढी येते, येथे ०.०७. कितीही वेळ मोजले तरी ती घटणार नाही. मोटर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपच्या सरकत्या पट्टीवर बसवली आणि डझनभर वर्तुळांवरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्रुटी ०.०२ वर आली. काच फिरवून असा प्रकाश तयार करणाऱ्या प्रत्येकाने ही मर्यादा आधी मोजून घ्यावी. ती चुकली तर पुढचे सगळे आकडे नशिबावर अवलंबून राहतात.

२ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

मोजणीचे मूल्य १.७२ वर स्थिरावले. त्याच वेळी विद्यार्थिनींनी अवमंदित दोलकाचे समीकरण क्युटिप या पायथन-संग्रहात सोडवले: सरासरी फोटॉन २, पातळ्या शून्य ते नऊ (म्हणजे जास्तीत जास्त नऊ फोटॉन), अवमंदन लिंडब्लाडच्या समीकरणाने. त्याचेही उत्तर १.७२ आले. “सर, दोन्ही आकडे तंतोतंत जुळले,” असे सांगत त्या माझ्या खोलीत आल्या. जुळणी इतकी नेमकी होती की अहवालाचे प्रकरण इथेच संपवावे असे कोणालाही वाटावे. पण एकमोडी उष्ण प्रकाशाचे उत्तर २ आहे, आणि संगणकाने सोडवलेल्या समीकरणात पिनहोल, नॉइज किंवा काच यांतले काहीच नव्हते. तिथे १.७२ यायला जागाच नव्हती.

संगणकाची बाजू आधी उलगडली. सरासरी २ असलेल्या उष्ण अवस्थेत दहा किंवा त्याहून अधिक फोटॉन सापडण्याची शक्यता १.७ टक्के असते. दहा पातळ्यांवर कापले की हीच शेपटी जाते, आणि जी-टू फोटॉनसंख्येच्या वर्गावर अवलंबून असल्याने शेपटीचे वजन त्यात फार असते. खूण समोरच होती: संगणकाने दिलेली सरासरी २ नव्हे, १.८२ होती. पातळ्या चाळीस केल्या, सरासरी २ आली आणि जी-टू २.०० झाला. म्हणून आधी सरासरी तपासावी आणि मगच जी-टूकडे पाहावे.

प्रयोगाची बाजू हिस्टोग्रामने उलगडली. खऱ्या उष्ण प्रकाशात तीव्रतेचे वितरण घातांकी असते, सर्वाधिक नोंदी शून्यापाशी असतात आणि आलेख शून्याकडे चढत जातो. आमचा आलेख शून्यापाशी सपाट झाला होता. काच पुरेशी घासलेली नव्हती, आणि पिनहोल नेमके किरणाच्या सरळ रेषेत होते, म्हणून न विकिरता आरपार गेलेला लेझरही त्यात मिसळत होता. या सुसंगत (आरपार गेलेल्या लेझरच्या) भागाचे एकूण तीव्रतेतील प्रमाण ‘क्ष’ असेल तर जी-टू हा २ उणे ‘क्ष’चा वर्ग असतो. पिनहोलचा परिणाम धरून हिशेब केला, तेव्हा आमच्याकडे ‘क्ष’ निम्म्याच्या आसपास निघाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी १.७२ येण्याची कारणे एकमेकांशी पूर्ण असंबंधित होती.

९ मार्च

काच जाड भुकटीने पुन्हा घासली, पिनहोल अक्षापासून वीस मिलिमीटर बाजूला नेले. हिस्टोग्राम शून्याकडे सरळ चढला आणि जी-टू १.९५ आला. उरलेली ०.०५ ची तूट पिनहोलच्या आकाराने पूर्ण समजते. पहिला टप्पा संपला.

२२ मार्च

दुसऱ्या टप्प्यासाठी फोटोडायोड चालत नाही. दुधातून एका स्पेकलमध्ये येणारा प्रकाश पिकोवॉटच्याही खाली जातो. तिथे फोटॉन मोजावेच लागतात. एका संशोधन प्रयोगशाळेच्या भंगारात निघालेल्या जुन्या उपकरणातील हामामात्सूची आर-९२८ फोटोमल्टिप्लायर नळी, म्हणजे एकेका फोटॉनाचा मोजता येणारा विद्युत-स्पंद करणारी नळी, मिळाली. ही नळी लाल प्रकाशाला प्रतिसाद देते, हे महत्त्वाचे. भंगारात अनेकदा मिळणाऱ्या १पी-२८ नळीचा प्रतिसाद ६५० नॅनोमीटरपाशी संपतो, त्यामुळे हेलियम-निऑनसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. नळी उचलण्याआधी तिच्यावरचा क्रमांक वाचावा.

काल सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. सुदैवाने विभागात काही फुटले नाही, पण टेबलावरची सर्व जुळवणी पुन्हा करावी लागली. भिंगाचे स्टँड नुसते टेकवून ठेवलेले होते. ते आता नटबोल्टने आवळले आहेत. हे आधीच करायला हवे होते, धक्का बसो वा न बसो.

६ एप्रिल

नळीला ८०० व्होल्ट लागतात. नवा पुरवठा आमच्या आवाक्याबाहेर होता. जीएम काउंटरचा (किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाचा) उच्च-व्होल्टेज पुरवठा मात्र बहुतेक महाविद्यालयांत असतो. तो वापरताना दोन अडचणी येतात. पहिली, तो धन व्होल्टेज देतो. म्हणून कॅथोड जमिनीला जोडला, ॲनोड धन ८०० व्होल्टवर ठेवला आणि स्पंद २ किलोव्होल्टच्या कपॅसिटरमधून बाहेर काढला. दुसरी, हा पुरवठा फार कमी प्रवाह देऊ शकतो. पुस्तकी पद्धतीने १०० किलोओहमचे दहा रोध लावले, तर साखळीतूनच ०.८ मिलिअँपिअर जातो आणि व्होल्टेज कोसळते. आमचे ५०० च्या खाली आले. रोध १ मेगाओहमचे केल्यावर प्रवाह ८० मायक्रोअँपिअर झाला आणि व्होल्टेज टिकले. फोटॉन मोजणीत ॲनोडचा सरासरी प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे एवढी साखळी पुरते.

दोन सूचना. व्होल्टेज चालू असताना नळीवर खोलीचा प्रकाश पडू देऊ नये, नळी कायमची बिघडते. बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. तो रोधातून उतरवल्याशिवाय हात लावू नये. परिचर मामांनी खोक्यावर लाल रंगाने तसे लिहून टाकले आहे.

स्पंद वेगवान कम्परेटरमधून (ठरावीक उंचीवरचे स्पंदच पुढे सोडणाऱ्या चिपमधून) घेऊन रास्पबेरी पाय पिको या छोट्या नियंत्रक बोर्डाला दिले. त्यातील पीडब्ल्यूएमचे हार्डवेअरच स्पंदाच्या कडा मोजू शकते, म्हणून मोजणी प्रोग्रामच्या वेगावर अवलंबून राहत नाही. खिडकी, म्हणजे एका मोजणीचा कालावधी, ४० मायक्रोसेकंदांची ठेवली. दुधाआधी मंद केलेला लेझर थेट नळीवर टाकून पाहिला: जी-टू १.०१ आला. एक शतांश जादा येतो तो नळीच्या अनुस्पंदांमुळे. एक फोटॉन कधीकधी काही मायक्रोसेकंदांनी दुसरा खोटा स्पंद देतो. ही चाचणी न करता पुढे जाऊ नये.

२९ एप्रिल

निवडणुकीच्या कामात निम्मा विभाग गुंतल्यामुळे मधले दिवस गेले.

सकाळच्या म्हशीच्या दुधाचा एक थेंब पाण्यात टाकून पहिली मोजणी नव्वद अंशांत केली. येथेही काचेचाच धडा पुन्हा भेटला, फक्त मोठ्या प्रमाणात: बाजूने पाहताना क्युव्हेटमधली (नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी भांड्यातली) किरणाची पूर्ण १० मिलिमीटर लांबी दिसते, म्हणून त्या दिशेने स्पेकल ०.०२ मिलिमीटरपेक्षाही अरुंद होतो. किरण भिंगाने बारीक केला, त्याची प्रतिमा दुसऱ्या भिंगाने ०.२ मिलिमीटरच्या फटीवर घेतली आणि फटीपासून ३०० मिलिमीटरवर ०.३ मिलिमीटरचे पिनहोल ठेवले. आता स्पेकल ०.९५ मिलिमीटरचा आहे.

सहसंबंध दिसू लागला, पण आलेख १ वर उतरत नाही. लांब विलंबालाही १.०३ वर अडकतो, आणि मधूनच शून्य विलंबाचे मूल्य २ च्याही वर उसळते. पहिल्याचे कारण लेझरच होता. आमच्या लेझरची नळी निश्चित ध्रुवीकरणाची नाही. तापत असताना तिच्यातल्या परस्परांना लंब ध्रुवीकरणाच्या मोडांची ताकद आलटून पालटून बदलते. नव्वद अंशांत विकिरण मुख्यतः उभ्या ध्रुवीकरणाचेच होते, त्यामुळे लेझरची एकूण तीव्रता स्थिर असूनही विकिरित प्रकाश संथपणे वरखाली होतो. लेझर तासभर आधी लावून ठेवला की ही वाढ जाते.

८ मे

उसळ्यांचे कारण धूळ. बॅटरीसाठी मिळणारे ‘डिस्टिल्ड’ पाणी क्युव्हेटमध्ये घेऊन अंधारात लेझर टाकला, तर किरणात तरंगणारे चमचमते कण साध्या डोळ्यांनी दिसतात. एकेक कण किरणातून जाताना हजारो फोटॉनांचा झोत देतो. मे महिन्यात आमच्याकडे खिडक्या बंद ठेवूनही टेबलावर धूळ बसतेच. पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळले, क्युव्हेटही त्याच पाण्याने विसळली, आणि दूध त्यानंतर घातले. लेझरच्या रेषेत एकही चमक दिसत नाही तोवर मोजणी सुरू करायची नाही, हा नियम केला.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त आणि त्याचे गोलक मायक्रॉनच्या मापाचे. ते संथ हलतात आणि आलेखाला दुसरा, लांब उतार लावतात. त्याऐवजी किराणा दुकानातली स्निग्धांशविरहित दूधपावडर घेतली, म्हणजे मुख्यतः केसिनचे (दुधातल्या प्रथिनाचे) कण उरले. प्रमाण ठरवताना डोळ्यांवर विसंबू नये. जरासे जास्त दूध झाले की प्रकाश अनेकदा विकिरतो. मग उतार खोटाच वेगवान दिसतो, ध्रुवीकरण मिसळते आणि जी-टूही घटतो. आम्ही पाणी वाढवत गेलो आणि उताराचा कालावधी बदलायचा थांबला तिथे थांबलो.

१६ मे

आजचे निकाल मला सर्वाधिक समाधान देणारे आहेत. पहाटे क्युव्हेटमधले पाणी २७ अंशांवर असताना जी-टूचा उतार ०.६० मिलिसेकंदांचा आला आणि अर्धलघुगणकी कागदावर बिंदू सरळ रेषेत बसले. दुपारी पाणी ४० अंशांवर गेले तेव्हा तोच उतार ०.४५ मिलिसेकंदांचा झाला. कणांचे विसरण निरपेक्ष तापमान भागिले पाण्याची श्यानता यावर चालते. २७ अंशांना श्यानता ०.८५ आणि ४० अंशांना ०.६५ मिलिपास्कल-सेकंद असते. त्यावरून अवमंदनाचा दर १.३६ पट वाढायला हवा; आमचा १.३३ पट वाढला. उष्णतेचा साठा हा शब्द समीकरणात आम्ही कितीदा लिहिला होता. त्या साठ्याचे तापमान बदलले की अवमंदन बदलते, हे वातानुकूलन नसलेल्या खोलीत आपसूक दिसले. पहाटेच्या नोंदीवरून कणाची त्रिज्या ११० नॅनोमीटरच्या आसपास येते, जी केसिनच्या कणांना साजेशी आहे.

संध्याकाळी मात्र पाणी तेवढेच गरम असताना उतार पुन्हा लांबला. मिश्रण नासू लागले होते आणि कण एकमेकांना चिकटत होते. दुधाचे मिश्रण दोन तासांपेक्षा जुने वापरू नये, आणि प्रत्येक नोंदीबरोबर क्युव्हेटमधल्या पाण्याचे तापमान लिहावे. खोलीचे तापमान लिहून उपयोग नाही.

२५ मे

फोटॉनांच्या संख्येचे वितरण. सेकंदाला पन्नास हजार मोजण्या, ४० मायक्रोसेकंदांची खिडकी, म्हणजे खिडकीमागे सरासरी २ फोटॉन. पॉयसन वितरण असते तर १३.५ टक्के खिडक्या रिकाम्या राहिल्या असत्या. बोस-आइनस्टाइन वितरणात ३३.३ टक्के राहतात. आमच्या ३२ टक्के रिकाम्या होत्या. तोच लेझर, सरासरी तेवढीच ठेवून थेट नळीवर टाकला, तर १३ ते १४ टक्के. हे दोन स्तंभालेख विद्यार्थिनींनी एकाच कागदावर काढून विभागाच्या भिंतीवर लावले आहेत.

जी-टू पहाटे १.८७, दुपारी १.८०. तुटीचा हिशेब पूर्ण लागतो. पिनहोलमुळे ०.९३, खिडकी शून्याहून मोठी असल्यामुळे ०.९७. उरतात नळीच्या काळोखातल्या मोजण्या: पहाटे सेकंदाला सहाशे, दुपारी तीन हजार. नळीचा कॅथोड उष्णतेने आपोआप इलेक्ट्रॉन सोडतो, आणि दुपारच्या ४२ अंशांत त्या खोट्या मोजण्या एकूण मोजण्यांच्या सहा टक्के होतात. हा घटक वर्गात येतो, म्हणून पहाटे ०.९८ आणि दुपारी ०.८९. तिन्हींचा गुणाकार केला की शतांशाच्या फरकाने वरचे आकडे मिळतात. उन्हाळ्यातल्या मोजण्या पहाटे चार ते सातमध्येच करायच्या, असे यावरून ठरले.

या प्रकाशाचे सुदर्शन-ग्लाउबर वितरण, म्हणजे प्रकाशाला सुसंगत अवस्थांचे मिश्रण म्हणून मांडणारे वितरण, सर्वत्र धन आहे, म्हणून तरंगांच्या चढउतारांनीही त्याचे स्पष्टीकरण देता येते, हे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. जी-टू १ च्या खाली जाणे, जे किंबल, दाजेने आणि मँडेल यांनी १९७७ मध्ये सोडियमच्या अणूंवर दाखवले, ते या मांडणीत शक्य नाही. पण फोटॉनसंख्येच्या विचरणातली (सरासरीपासूनच्या विखुरणीच्या मापातली) दोन पदे, एक सरासरीएवढे आणि दुसरे सरासरीच्या वर्गाएवढे, जी आइनस्टाइन यांनी १९०९ मध्ये कृष्णवस्तूच्या प्रारणासाठी मांडली, ती इथे वेगवेगळी मोजता येतात. खिडकी आखूड करत नेली की दुसरे पद विरत जाते आणि पहिले उरते.

५ जून

खर्च. काच, भुकटी आणि फॉइल दीडशे रुपये. फोटोडायोड, ऑप-अँप आणि बॅटऱ्या साडेचारशे. पिको, कम्परेटर, रोध आणि उच्च-व्होल्टेज कपॅसिटर तेराशे. सिरिंज फिल्टर नऊशे. दोन भिंगे बाराशे. लेझर, जीएम पुरवठा, एक्सपआइज आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप विभागाचे, नळी भंगारातली. सर्वाधिक वेळ धुळीत आणि जुळवणीत गेला, इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्या मानाने कमी.

पुढच्या तुकडीसाठी काम ठरले आहे. एकाच नळीने मोजताना अनुस्पंद आणि दोन स्पंदांमधला मृतकाळ (ज्यात नवा स्पंद मोजलाच जात नाही) यांचा परिणाम पहिल्या काही मायक्रोसेकंदांत मिसळतो. प्रकाश अर्धपारदर्शक आरशाने दुभागून दोन नळ्यांवर टाकला आणि त्यांचा परस्परांशी सहसंबंध काढला, तर हे दोन्ही दोष आपोआप वगळले जातात. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांची मांडणी हीच होती. दुसरी आर-९२८ शोधत आहोत, आणि दुधाच्या जागी ठरावीक मापाचे पॉलिस्टायरीनचे कण मागवले आहेत, म्हणजे अवमंदनाचा दर आधी गणिताने काढून मग मोजता येईल.